कचेरीतले व्हिनाइल आणि कारखान्यातला कामगार

पक्षाच्या कचेरीत कागद कोणत्या फाइलीत लावावेत, सभेचा फलक कशावर छापावा, प्रतिनिधींच्या गळ्यात कोणते ओळखपत्र घालावे, हे प्रश्न राजकीय चर्चेच्या योग्यतेचे नाहीत, अशी समजूत चळवळीत खोलवर रुजलेली आहे. जिल्हा कार्यकारिणीपुढे एखाद्या तरुण कार्यकर्त्याने हा विषय काढलाच, तर ज्येष्ठ मंडळी स्मितहास्य करतात आणि अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळतात. 'आधी महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव. मग फाइली', हे उत्तर ठरलेले असते. ते ऐकायला पुरोगामी वाटते. वस्तुतः त्यात एक मोठी गफलत आहे. फाइल ही वस्तू आहे आणि प्रत्येक वस्तूच्या पाठीमागे ती बनवणारा कामगार असतो, हे समाजवादी विचाराचे अगदी प्राथमिक सूत्रच या उत्तरात विसरले जाते.

तेव्हा प्रथम वस्तूकडेच पाहू. कचेरीतील मऊ, चकचकीत, रंगीत मुखपृष्ठाची कडीवाली फाइल, पारदर्शक खिसे, रेक्झिनच्या बांधणीचे रजिस्टर, खुर्चीचे आवरण, ओळखपत्राचे 'पीव्हीसी कार्ड', वायरमनची काळी पट्टी, पांढरे मऊ खोडरबर आणि दारावर लावलेला फ्लेक्स यांतील बहुतेक वस्तू एकाच द्रव्याच्या असतात. त्याचे नाव पॉलिव्हिनाइल क्लोराइड; बाजारभाषेत व्हिनाइल किंवा पीव्हीसी. इतर प्लास्टिके मुख्यतः तेल आणि वायूपासून बनतात. व्हिनाइलचे वैशिष्ट्य असे की त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरीन असतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन काढायचा, तो एथिलीनशी जोडून व्हिनाइल क्लोराइड नावाचा वायू तयार करायचा आणि त्या वायूच्या साखळ्या बांधून पांढरी भुकटी करायची, असा हा व्यवहार आहे. ही भुकटी स्वतः कडक आणि उष्णतेने लवकर बिघडणारी असते. तिला मऊ करण्यासाठी थॅलेटसारखी तेलकट द्रव्ये मिसळावी लागतात, टिकवण्यासाठी शिसे किंवा अन्य धातूंची संयुगे घालावी लागतात. नव्या फाइलीला येणारा तो उग्र वास बऱ्याच अंशी या मिसळणीचा असतो.

आता कामगाराकडे वळू. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरी बी. एफ. गुडरिच कंपनीचा व्हिनाइलचा कारखाना होता. जानेवारी १९७४ मध्ये कंपनीने सरकारला कळवले की तेथील काही कामगार यकृताच्या अँजिओसार्कोमा नावाच्या कर्करोगाने मरण पावले आहेत. हा रोग इतका दुर्मीळ की एका डॉक्टरला साऱ्या आयुष्यात त्याचा एखादाही रोगी दिसू नये. येथे एकाच कारखान्यात तो पुनःपुन्हा दिसला. ज्या भट्ट्यांत व्हिनाइल क्लोराइडच्या साखळ्या बांधल्या जात, त्यांच्या आत उतरून भिंतींना चिकटलेला थर खरवडून काढण्याचे काम करणारे कामगार या वायूत सर्वाधिक सापडत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आज व्हिनाइल क्लोराइडला माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात ठेवते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हे संकट मालकांना १९७४ साली अकस्मात कळले असे नव्हे. इटलीतील संशोधक चेझारे माल्तोनी यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हाच रोग दिसून आला होता. त्या प्रयोगांना पैसा युरोपातील उत्पादक कंपन्यांचा होता आणि त्यांचे निष्कर्ष गुप्ततेच्या अटीवर अमेरिकी उत्पादकांनाही १९७३ च्या प्रारंभी समजलेले होते. कामगार मात्र त्या भट्टीत उतरतच राहिला. ज्ञान मालकाच्या कपाटात आणि विष कामगाराच्या यकृतात, अशी ही श्रमविभागणी होती. हिला अपघात म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.

इटलीतच या प्रकरणाचा दुसरा अध्याय घडला. व्हेनिसजवळच्या पोर्तो मार्गेरा येथील व्हिनाइल कारखान्यात गाब्रिएले बोर्तोलोत्झो नावाचा एक कामगार होता. आपले सोबती एकामागून एक का मरतात, याची नोंद त्याने स्वतः जमवली. कोण कोणत्या विभागात होता, किती वर्षे होता, कशाने गेला, असा सारा तपशील घेऊन तो १९९४ साली सरकारी वकिलांकडे गेला. १९९५ साली त्याचा अपघाती मृत्यू झाला, पण खटला उभा राहिला. २००१ साली खालच्या न्यायालयाने सर्व अधिकाऱ्यांना निर्दोष सोडले. २००४ साली अपील न्यायालयाने एका कामगाराच्या मृत्यूबद्दल पाच माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मेलेल्यांची संख्या पाहता हा न्याय तोकडाच होय. परंतु तो मिळाला तो कोणा पर्यावरणमंत्र्याच्या कृपेने नव्हे, एका कामगाराच्या वहीने. पर्यावरणाचा प्रश्न हा सुखवस्तूंचा छंद आहे असे म्हणणाऱ्यांनी ही वही डोळ्यांसमोर आणावी.

'ही सारी परदेशातली कथा झाली', असे यावर म्हटले जाईल. ज्या देशाने २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची भोपाळची रात्र पाहिली, त्या देशात तरी हा युक्तिवाद कोणी करू नये. आजही देशाला लागणाऱ्या व्हिनाइलचा मोठा हिस्सा आयात होतो; म्हणजे विषाचा पहिला टप्पा दुसऱ्या देशातल्या कामगाराच्या माथी मारला जातो. दुसरा टप्पा येथेच आहे. भुकटीत तेल, रंग आणि शिसे मिसळणे, तिचे पत्रे काढणे, ते कापणे आणि डाग देऊन जोडणे, ही कामे लहान कारखान्यांतून चालतात, आणि तेथे संघटना क्वचितच पोचलेली असते. पीव्हीसीच्या पाइपांतील शिशाच्या वापरावर केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले खरे. पण ते पाइप आणि त्यांच्या जोडण्यांपुरते. फाइल, फ्लेक्स आणि रेक्झिन त्या नियमांच्या बाहेर राहिले. पाइपातले शिसे वाईट आणि फाइलीतले चांगले, असा निसर्गाचा नियम नाही. दुसरीकडे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखाना निरीक्षकाला 'निरीक्षक आणि सुविधाकार' बनवले. मालकाची सोय पाहणे हेही ज्याचे कर्तव्य ठरते, तो मालकाच्या भट्टीत किती डोकावणार?

वस्तूचे आयुष्य संपल्यावर काय होते, तेही पाहिले पाहिजे. पुण्यातील कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली, तिचे नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत असे आहे. कागद, काच आणि पत्रा या तीन जिनसांवर हजारो कष्टकरी स्त्रियांचे संसार चालले. कारण या तिन्हींना दुसरा जन्म आहे आणि म्हणून भाव आहे. फ्लेक्सला तो नाही. पॉलिस्टरच्या जाळीवर व्हिनाइलचा थर दिलेला असल्यामुळे दोन्ही वेगळे काढणे परवडत नाही. भंगारवाला त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. मग फ्लेक्स जातो कोठे? काही कचरा डेपोवर जातो, काही उघड्यावर जळतो, आणि बराचसा झोपडीच्या छपरावर चढतो. आमदाराच्या वाढदिवसाचा हसरा चेहरा पावसाळाभर एखाद्या बिगारी कुटुंबाच्या डोक्यावर पसरलेला असतो. लोकप्रतिनिधीने गरिबाला दिलेले हे एकमेव छप्पर! आणि त्या वस्तीला आग लागली, की त्याच छपरातून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू निघतो. व्हिनाइल जळताना डायॉक्सिनेही निर्माण होतात. ज्या स्टॉकहोम करारात डायॉक्सिनांचा समावेश आहे, त्याला भारताने २००६ साली मान्यता दिलेली आहे. करार कपाटात आहे आणि धूर वस्तीत.

यावर राज्यकर्त्यांनी काय केले? महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिने कैद. हा दंड भरला कोणी? भाजीवालीने, फुलवाल्याने, गाडीवरच्या विक्रेत्याने. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरण्याच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी घातली. त्या यादीत पीव्हीसी फलकांचाही समावेश आहे. मात्र १०० मायक्रॉनपेक्षा पातळ असलेल्या फलकांचाच. चौकाचौकांत लटकणारा नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असतो. म्हणजे जे कोणी फारसे वापरत नाही त्यावर बंदी आणि ज्याने शहरे झाकून गेली आहेत त्याला अभय! मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली बेकायदा फलकांविरुद्ध निकाल दिला, निवडणूक आयोग पर्यावरणस्नेही साहित्य वापरण्याचे आवाहन वारंवार करीत आला, तरी सत्ताधाऱ्यांच्या वाढदिवसांत खंड पडलेला नाही. केरळ सरकारने २०१९ साली पीव्हीसी फ्लेक्सवर बंदी घातली. ज्या राज्यात भिंतीवर लिहून प्रचार करण्याची परंपरा आहे, तेथे या बंदीचा विचार पुढे येणे स्वाभाविक होते. महाराष्ट्रात अशी मागणी करण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्याची स्वतःची सभा फ्लेक्सवर चालते, त्याला खचित नाही.

येथे एका दुसऱ्या भोंदूगिरीचाही समाचार घेणे अगत्याचे आहे. भांडवलदारांनी 'हरित' हा शब्द आता पुरता आत्मसात केला आहे. वर्षअखेरीस मोठ्या कंपन्या बांबूचे पेन, बियांच्या कागदाची रोजनिशी आणि ज्यूटची पिशवी भेट देतात. त्यावर झाडाचे चित्र असते. त्याच कंपनीच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार हातमोज्यांवाचून काम करीत असतो. चळवळीला या बाजारपेठेत गिऱ्हाईक म्हणून शिरायचे नाही. महाग वस्तू विकत घेऊन पुण्य कमावणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. येथे जी मागणी आहे ती नव्या चैनीची नसून जुन्या, साध्या, स्थानिक वस्तूंकडे वळण्याची आहे: पुठ्ठ्याची फाइल, सुती नाडी, कापडी बांधणीची वही, मांजरपाटाचा फलक. यांतील एकही वस्तू 'हरित' म्हणून दुप्पट भावाने घेण्याची गरज नाही.

'पण व्हिनाइल स्वस्त आहे', हा सर्वांत प्रबळ आक्षेप. पक्षाची तिजोरी रिकामी असते, आणि फ्लेक्स दोन तासांत छापून मिळतो, हे खरेच आहे. परंतु स्वस्त म्हणजे काय? कामगाराच्या आजारपणाचा खर्च त्याच्या बायकोने भरायचा, धुराचा खर्च वस्तीने भरायचा, तुंबलेल्या गटाराचा खर्च नगरपालिकेने भरायचा आणि हे सारे वजा करून उरलेली किंमत फलकावर लावायची, याला स्वस्ताई म्हणतात. खर्च समाजाचा आणि नफा खाजगी, या हिशेबाविरुद्धच तर समाजवादी पक्ष जन्माला आला. मार्क्सने 'भांडवल'च्या १८६७ सालच्या पहिल्याच खंडात दाखवून दिले होते की भांडवली उत्पादन संपत्तीचे दोन्ही मूळ झरे, माती आणि मजूर, एकाच वेळी आटवते. इतरांना हा हिशेब शिकवणाऱ्यांनी स्वतःच्या खर्चवहीत मात्र दुकानदाराचा हिशेब मांडावा, हे शोभणारे नाही. शिवाय व्यवहाराच्या भाषेतही हा आक्षेप टिकत नाही. 'कामगार एकजुटीचा विजय असो' हे शब्द दर वर्षी बदलत नाहीत. ज्या फलकावर तारीख आणि पाहुण्यांचे नाव नाही, तो कापडाचा फलक धुऊन, घडी घालून वर्षानुवर्षे वापरता येतो. फ्लेक्स एका सभेचा असतो, कारण त्यावर मजकुरापेक्षा चेहरे अधिक असतात. चेहरे काढून टाकले, की निम्मा खर्च आपोआप वाचतो. आणि पक्षाची प्रकृतीही थोडी सुधारते.

टिकाऊपणाचा दावा तर हास्यास्पद आहे. झेरॉक्स केलेली पाने मऊ व्हिनाइलच्या खिशात काही वर्षे ठेवली, की अक्षरे खिशाला चिकटतात आणि कागद कोरा होऊ लागतो, हा अनुभव कोणत्याही कारकुनाला आहे. मऊपणासाठी घातलेली द्रव्ये बाहेर झिरपतात, त्याचा हा परिणाम. म्हणूनच अभिलेख जतन करणारे लोक व्हिनाइलला कागदाजवळ येऊ देत नाहीत. उलट पुण्याच्या पेशवे दफ्तरात अठराव्या शतकातील मोडी कागद हातकागदावर लिहून, सुती रुमालात बांधलेले आजही वाचता येतात. 'रुमाल' हे दफ्तराचे मापच होऊन बसले. पेशवाई गेली, तिचा अन्यायही इतिहासजमा झाला, पण त्या अन्यायाचा पुरावा रुमालाने सांभाळला. पक्षाच्या लढ्यांची कागदपत्रे, सत्याग्रहींच्या याद्या आणि संपकाळातील पत्रके चकचकीत खिशांत पुसट होऊ द्यायची काय, याचा विचार कार्यालयीन चिटणिसांनी अवश्य करावा.

तिसरा आक्षेप रोजगाराचा आहे आणि तो हलकेपणाने झटकून टाकण्याजोगा नाही. फ्लेक्स छपाईच्या दुकानांतून कर्ज काढून बसलेली अनेक तरुण मुले आहेत. व्हिनाइलच्या लहान कारखान्यांत काम करणारे मजूर आहेत. त्यांना शत्रू मानणे हा गुन्हा होईल. पण व्हिनाइलने जे रोजगार खाल्ले, त्यांचा हिशेब कोणी मागितला? गावोगावचे फलक रंगवणारे पेंटर, ज्यांच्या कुंचल्यातून युनियनच्या पाट्या, नाटकांच्या जाहिराती आणि दुकानांची नावे उतरली, ते काही वर्षांत देशोधडीला लागले. त्यांच्यासाठी मोर्चा निघाला नाही. इचलकरंजी आणि मालेगावच्या मागांवर बसणारा विणकर कापडाला उठाव नाही म्हणून हवालदिल होतो. त्याच्या कापडावर पक्षाचा फलक का असू नये? फ्लेक्सच्या दुकानदारालाही कापडावर छपाई करता येते. त्याच्याकडे तशी मागणी घेऊन जाणारे गिऱ्हाईक हवे. आणि 'नियम केले तर उद्योग बुडेल' ही धमकी नवी नाही. अमेरिकेत १९७४ साली कामगाराच्या श्वासातील व्हिनाइल क्लोराइडची मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांत ५०० भागांवरून एका भागावर आणण्याचे ठरले, तेव्हा लाखो रोजगार जातील असा आक्रोश उत्पादकांनी केला होता. मर्यादा अमलात आली. उद्योग बुडाला नाही. भट्ट्या बंदिस्त झाल्या आणि कामगाराला आत उतरवण्याची गरज कमी झाली. मालकांचा आक्रोश आणि कामगारांचे हित यांत फरक करणे चळवळीला जमले पाहिजे.

कापूस आणि कागद सोवळे आहेत असेही कोणी समजू नये. विदर्भातला कापूस-उत्पादक कर्जाखाली आणि फवारणीच्या विषाखाली दबलेला आहे. कागद गिरण्यांनी नद्या नासवल्या आहेत. परंतु या दोषांवर उपाय आहेत आणि त्यांसाठी लढताही येते: कापसाला भाव, फवारणीला संरक्षण, गिरणीच्या सांडपाण्याला शुद्धीकरण. रद्दीपासून, चिंध्यांपासून आणि उसाच्या चोथ्यापासून कागद होतो. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने हातकागदाचे काम हाती घेतले आणि १९४० साली पुण्यात हातकागदाची संस्था उभी राहिली, ती याच जाणिवेने. समाजवाद्यांचे गांधीजींशी अनेक बाबतींत मतभेद होते. पण कोणती वस्तू वापरावी हा प्रश्न राजकीय आहे, हे त्यांनी खादीच्या रूपाने साऱ्या देशाला पटवून दिले, एवढे तरी मान्य केलेच पाहिजे. व्हिनाइलचे तसे नाही. त्याचा दोष त्याच्या घडणीतच आहे. क्लोरीन काढून टाकला तर व्हिनाइलच उरत नाही.

शेवटचा आक्षेप सैद्धांतिक थाटाचा आहे: 'एकट्यादुकट्याच्या निवडीने व्यवस्था बदलत नाही, कायदा हवा.' हे अगदी खरे आहे, आणि म्हणूनच ही निवड एकट्याची असता कामा नये. पक्ष ही व्यक्ती नव्हे. त्याच्या शाखा, युनियन, महिला आणि युवक संघटना, सहकारी संस्था, शाळा आणि पतपेढ्या मिळून तो एक मोठा खरेदीदार असतो. त्याच्या नगरसेवकांना आणि ग्रामपंचायत सदस्यांना सभागृहात ठराव मांडता येतो. कायद्याची मागणी आणि स्वतःचे आचरण यांत विरोध नाही. दारूबंदीचे भाषण गुत्त्यात बसून करता येत नाही, एवढीच साधी गोष्ट आहे.

तेव्हा पुढील गोष्टी प्रत्येक शाखेने तातडीने कराव्यात. कचेरीची नवी खरेदी करताना वस्तूवरील त्रिकोणात ३ हा आकडा किंवा पीव्हीसी अशी खूण असेल तर ती घेऊ नये; खूण नसलेली मऊ, उग्र वासाची वस्तूही टाळावी. जुन्या फाइली फेकून नवा कचरा करू नये, त्या झिजेपर्यंत वापराव्यात. मात्र जतन करावयाची कागदपत्रे त्यांतून काढून पुठ्ठ्यात आणि कापडात बांधावीत. सभा-संमेलनांचे फलक कापडाचे असावेत आणि शक्य तेथे गावातल्या पेंटरकडून रंगवून घ्यावेत. प्रतिनिधींची ओळखपत्रे जाड कागदाची असावीत. कोणत्याही पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पक्षाच्या नावाने लागणार नाही, असा ठराव करावा आणि तो मोडणाऱ्याला जाब विचारावा. नगरपालिका आणि जिल्हा परिषदांत पक्षाच्या सदस्यांनी सरकारी कचेऱ्यांच्या खरेदीतून व्हिनाइल वगळण्याची, १०० मायक्रॉनची पळवाट बंद करण्याची आणि शिशाचे नियम सर्व व्हिनाइल वस्तूंना लावण्याची मागणी लावून धरावी. आणि जेथे व्हिनाइलचे लहानमोठे कारखाने आहेत, तेथे कामगार आघाडीने वही घेऊन जावे: कोण कोणत्या खात्यात आहे, किती वर्षे आहे, कशाने आजारी आहे, याची नोंद सुरू करावी. या यादीतले हे कलम सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत महत्त्वाचेही. पहिली कलमे पाळून हे टाळणारी शाखा केवळ टापटिपीची ठरेल, समाजवादी नव्हे.

फाइल बदलल्याने क्रांती होणार नाही. तसा दावा कोणी केलेलाही नाही. पण क्रांतीची भाषा बोलणाऱ्यांच्या टेबलावर कोणाच्या यकृताची किंमत देऊन आणलेली वस्तू पडली आहे, हे विचारण्याची सवय ज्या पक्षाने सोडली, त्याला पुढे मोठे प्रश्न विचारण्याचे बळ राहत नाही. येत्या जिल्हा अधिवेशनांचे फलक अजून छापायला गेलेले नाहीत. ते कशावर छापले जातात, यावरून या प्रश्नाचे पक्षाने दिलेले उत्तर कळेल.